दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काम करताय? आधी मेंटर गाठा, मग ग्रांट मागा: गोव्यातल्या तरुणांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्यात दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी धडपडणारी एक नवी पिढी तयार होतेय. कोण सरकारी शाळेत रिसोर्स टीचर (विशेष गरजांच्या मुलांना मदत करणारा शिक्षक) आहे, कोण बीएड करतोय, कोण स्वतः दिव्यांग आहे आणि कॉलेज संपवून आता आपल्या मागच्या मुलांसाठी काहीतरी करायचं म्हणतोय. आणि कितीतरी आया आहेत ज्या स्वतःच्या मुलासाठी म्हापसा-पणजी-बांबोळीच्या हॉस्पिटलांच्या खेपा घालता घालता गावातल्या आणखी चार घरांचा आधार होऊन बसल्यात. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, त्यानंतर तर या विषयावर घराघरात बोलणं व्हायला लागलं. या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ग्रांट कुठे मिळेल?

माझं सरळ म्हणणं आहे की ग्रांट, म्हणजे कामासाठी मिळणारे पैसे, ही दुसरी पायरी, पहिली पायरी मेंटर, म्हणजे हात धरून वाट दाखवणारं माणूस. पैसे देणारा कुणीही असो, सरकारी खातं असो, कंपनी असो की फेलोशिपवाले, तो तीनच गोष्टी बघतो. नेमकी कुठली मुलं, त्यांच्यासाठी तुम्ही आजवर काय केलंय, आणि तुमच्या पाठीशी जाणतं माणूस कोण आहे. या तिन्हींची उत्तरं चांगला मेंटर आणि थोडंसं प्रत्यक्ष काम यातूनच मिळतात, फॉर्म भरायच्या रात्री सुचत नाहीत. म्हणून खालचा क्रम तसाच लावलाय, पुढच्या पायऱ्या आधी वाचायचा मोह होईल पण शक्यतो क्रमानेच जा.

पायरी 1: प्रश्न बारीक करा

"दिव्यांग मुलांसाठी काम करायचंय" एवढ्यावर कुणी पैसे देत नाही आणि मेंटरलाही कळत नाही मदत कशात करायची. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, ऐकू न येणाऱ्या मुलाची गरज वेगळी, ऑटिझम असलेल्या मुलीची वेगळी, आणि वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलाची आणखी वेगळी. तुम्ही सगळ्यांना पुरे पडणार नाही, पडायची गरजही नाही.

चार गोष्टी ठरवा: कुठला तालुका, कुठली इयत्ता, कुठली अडचण, आणि ती अडचण नेमकी कुठल्या क्षणी येते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "कमी दिसणाऱ्या मुलांना अभ्यासात अडचण येते" हे ढोबळ झालं, पण "आठवीतल्या मुलीला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवते, शेजारीण गैरहजर असली की तिची वही कोरी राहते" असं म्हटलं की काय करायचं ते आपोआप दिसायला लागतं.

गोव्यातल्या अडचणींना स्वतःचा भूगोल आहे. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावातनं थेरपीसाठी बांबोळीला यायचं म्हणजे आईबापाचा अख्खा दिवस जातो, रोजंदारी बुडते, म्हणून दोन-चार फेऱ्यांनंतर येणं बंद होतं. भाषेचंही तसंच. घरी कोकणी, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून एकदम इंग्रजी, ही उडी कुठल्याही मुलाला जड जाते आणि ज्याला वाचनाचाच त्रास आहे तो तर तिथेच मागे पडतो, सगळ्यांना वाटतं पोरगं आळशी आहे. असा एखादा नेमका सांधा पकडा.

पायरी 2: आधीच हक्काने मिळतं ते माहीत करून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण जे सरकारकडून मिळायलाच हवं त्यासाठी तुम्ही ग्रांट मागितली तर जाणकार माणूस तो अर्ज तिथेच बाजूला ठेवतो.

कायद्यातली निदान चार कलमं स्वतः वाचा. कलम 16 प्रमाणे शिक्षणसंस्थेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता दाखल करून घ्यायचं, इमारत आणि सोयी त्याला वापरता येतील अशा करायच्या. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी आहेत. कलम 31 म्हणजे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. कलम 32 म्हणजे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव. लेखनिकाबाबत 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं की 40 टक्क्यांचा दाखला नाही एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. हा निकाल माहीत नसल्यामुळे अजूनही पालकांना शाळेतूनच परत पाठवलं जातं.

मग योजना. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना महिना 200 रुपये दहा महिने असा स्टायपेंड वेगळा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नववी-दहावीसाठी प्री-मॅट्रिक आणि पुढे पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. एडिप योजनेत श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशी साधनं मिळतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविध अपंगत्व असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे. शाळेत प्राथमिक तपासणीसाठी एनसीईआरटीचं प्रशस्त ॲप फुकट आहे, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) म्हणून एनव्हीडीए फुकट आहे, ब्रेल आणि ऑडिओ पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे.

या बहुतेक योजनांची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. कागदावर दोन ओळींचं काम आहे पण घरच्यांना फॉर्म भरता येत नाही, फोटोची साइझ चुकते, तपासणीची तारीख लक्षात राहत नाही. तुमच्या कामाची सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही. दहा घरांची कार्डं काढून दिलीत तर ती दहा घरं तुम्हाला ओळखायला लागतात, आणि तालुक्यात नेमकी काय परिस्थिती आहे ते कुठल्याही रिपोर्टपेक्षा नीट कळतं.

पायरी 3: ग्रांट नसताना तीन महिने छोटं काम करा आणि लिहून ठेवा

एक उदाहरण देते. वाळपईकडच्या एका शाळेत एक मुलगी पेपर लिहिताना मान एवढी खाली घालायची की नाक कागदाला लागायचं. तिथल्या बाईंनी काय केलं, प्रश्नपत्रिका 24 च्या अक्षरात टाईप करून घेतली, ओळींत जागा सोडली, झेरॉक्सवाल्याला सांगून पिवळसर मॅट कागदावर काढली कारण पांढऱ्या चकचकीत कागदावर ट्यूबलाईटची तिरीप येत होती, आणि तिला खिडकीला पाठ करून बसवलं. पुढच्या युनिट टेस्टला तिने सगळे प्रश्न सोडवले, आधी निम्मे राहायचे. खर्च म्हणाल तर चहाच्या बिलाएवढा.

आता हेच जर लिहून ठेवलं असेल, आधीचा पेपर, नंतरचा पेपर, कुठल्या तारखेला काय बदललं, तर ते ग्रांटच्या अर्जातलं सगळ्यात वजनदार पान होतं. लिहिलं नाही तर ते फक्त स्टाफरूममधलं बोलणं राहतं. म्हणून एक साधी वही करा. तारीख, मुलाचं नाव नाही तर फक्त खुणेचा क्रमांक, काय केलं, काय झालं, काय जमलं नाही. "काय जमलं नाही" हा रकाना रिकामा ठेवू नका, मेंटरला तोच वाचायचा असतो.

फोटोंबद्दल फार कळकळीने सांगते. मुलाचा फोटो, निदान, दाखला यातलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि परवानगी मराठीत किंवा कोकणीत त्यांना कळेल अशी वाचून दाखवून घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. पण कायदा नसता तरी लहान गावात एकदा एखाद्या पोराला "तो स्पेशलवाला" असं नाव पडलं की ते लग्नापर्यंत पुसलं जात नाही, एवढं पुरेसं कारण आहे.

आणि एक मर्यादा पाळा. विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्य पदवी आणि नोंदणी लागते, 1992 चा कायदा आहे. यूट्यूबवर बघून स्पीच थेरपी द्यायला जाऊ नका. अभ्यासाला मदत, पालकांना सोबत, शाळेशी बोलणं, कागदपत्रं, साहित्य तयार करणं, हे सगळं तुम्ही करू शकता आणि ते काम ढीगभर आहे.

पायरी 4: मेंटर शोधा, एक नाही तीन

सगळं येणारा एकच माणूस शोधत बसलात तर वर्ष जाईल. मी तीन वेगळ्या माणसांकडून तीन वेगळ्या गोष्टी घ्यायला सांगते.

पहिला, विषयातला जाणकार: विशेष शिक्षक, थेरपिस्ट, समुपदेशक. गोव्यात पर्वरीचं संजय स्कूल आहे, फोंड्याच्या बाजूला ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठानचं काम आहे, मुलांच्या विकासावर काम करणारी सेतू संस्था आहे. बऱ्याच शाळांत समुपदेशक असतात, तालुक्याला समग्र शिक्षेचे रिसोर्स पर्सन असतात. निवृत्त झालेले विशेष शिक्षक तर फारच उपयोगी, त्यांना वेळ असतो आणि कुणीतरी विचारावं असं मनातून वाटत असतं.

दुसरा, स्वतः दिव्यांग असलेला मोठा माणूस, आणि लहान मुलांचा प्रश्न असेल तर सोबत एक अनुभवी पालक. हा मेंटर लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात गरजेचा. ज्याने पांढरी काठी घेऊन कदंबाची सरकारी बस पकडलीय, ज्याने लेखनिक मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडण केलंय, त्याला तुमच्या प्लॅनमधली भोकं पाच मिनिटांत दिसतात. डिसॅबिलिटी राईट्स असोसिएशन ऑफ गोवा ही दिव्यांगांनीच चालवलेली संघटना आहे, राज्य दिव्यांगजन आयोगाच्या कार्यक्रमांतही अशी माणसं भेटतात. आणि त्यांचा वेळ फुकट समजू नका, बजेटमध्ये मानधन धरा. दिव्यांग माणसाला स्टेजवर हार घालायचा आणि सल्ल्याचे पैसे मात्र दुसऱ्याला द्यायचे, हे आपण थांबवलं पाहिजे.

तिसरा, हिशेबाचा माणूस. ओळखीतले सीए, बँकेतून निवृत्त झालेले काका, एखाद्या जुन्या संस्थेचे खजिनदार. हा मेंटर कमी बोलतो पण संस्था वाचवतो.

कसं विचारायचं? "सर मला मार्गदर्शन करा" असा मेसेज पाठवू नका, त्यावर समोरचा नमस्काराचा इमोजी टाकून मोकळा होतो. असं लिहा:

"नमस्कार बाई, मी डिचोली तालुक्यात सातवीला गणित शिकवते. वर्गात दोन मुलांना कमी दिसतं. दोन महिने मी त्यांचे पेपर मोठ्या अक्षरात करून देते, ते जमलं, पण भूमितीच्या आकृत्या कशा द्यायच्या तिथे अडलेय. तुमचा अर्धा तास मिळाला तर नमुने घेऊन येईन. शनिवारी शाळा सुटल्यावर मला कधीही जमेल."

यात तुम्ही कोण, काय करून बघितलं, कुठे अडलंय, किती वेळ हवा, सगळं आलं. अशा मेसेजला नाही म्हणणारे फार थोडे. पहिल्या भेटीत शिफारसपत्र मागायचं नाही आणि पैशांचा विषय काढायचा नाही. भेटून आल्यावर आठवड्याभरात त्यांनी सांगितलेलं करून बघा आणि काय झालं ते कळवा. खरा मेंटर इथूनच मिळतो, कारण आपण सांगितलेलं कुणीतरी करून बघतंय हे दिसलं की माणूस स्वतःहून वेळ देतो.

दोन-तीन भेटी झाल्या की मोकळेपणाने ठरवून घ्या: महिन्यातून एकदा भेट, आदल्या दिवशी तीन प्रश्न पाठवायचे, सहा महिन्यांनी दोघांनी मिळून ठरवायचं चालू ठेवायचं की नाही. मेंटरने तुमच्या बदली निर्णय घ्यायचा नसतो, त्याच्या संस्थेची फुकटची कामं तुमच्याकडून करून घ्यायची नसतात. तसं व्हायला लागलं तर आदराने आभार मानून बाजूला व्हा, त्यात काही वाईट नाही.

पायरी 5: पैसे कुठल्या दारातून येणार ते ठरवा

*स्वतःच्या नावावर.* संस्था नसेल तर फेलोशिप, म्हणजे संस्थेला नाही तर माणसाला ठराविक काळासाठी मिळणारा पाठिंबा. स्वतः दिव्यांग तरुण असाल तर एनसीपीईडीपी (दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करणारी संस्था) आणि जावेद अबिदी यांच्या नावाने असलेली फेलोशिप आधी बघा. अबिदी हे देशातल्या दिव्यांग हक्क चळवळीतलं मोठं नाव, 2018 मध्ये गेले, ही फेलोशिप त्यांच्यासारखे पुढचे कार्यकर्ते घडावेत म्हणून आहे आणि त्यात स्टायपेंडसोबत मेंटरिंगही असतं. मुंबईची अनलिमिटेड इंडिया सुरुवातीच्या टप्प्यातल्या सामाजिक उद्योजकांना बीजभांडवल आणि कोचिंग देते. अक्युमेनची फेलोशिप नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी आहे, आपलं काम सोडावं लागत नाही. अशोका फेलोशिप मात्र ज्यांची कल्पना कामातून सिद्ध झालीय त्यांच्यासाठी, तिकडे सुरुवातीलाच धावू नका. सहाय्यक तंत्रज्ञान बनवत असाल, म्हणजे एखादं उपकरण, ॲप, तर बंगळुरूचं असिसटेक फाउंडेशन अशा स्टार्टअपना मार्गदर्शन देतं. टीच फॉर इंडियाबद्दल बरेच विचारतात, ती दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप आहे पण गोव्यात नाही, पुणे-मुंबईसारख्या शहरात जावं लागतं.

*दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली.* नवख्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. एखादी नोंदणीकृत संस्था तुमचा प्रकल्प आपल्या नावावर घेते, पैसे तिच्या खात्यात येतात, काम तुम्ही करता. पण तोंडी ठेवू नका, दोन पानांचा करार करा. त्यात चार गोष्टी हव्यात: खर्चाला मंजुरी कोण देणार, संस्था स्वतःसाठी किती टक्के ठेवणार, मुलांची माहिती कुणाकडे राहणार, आणि तुम्ही वेगळे झालात तर उरलेल्या पैशांचं आणि सामानाचं काय. करार करायचं म्हटल्यावर जो नाराज होतो त्याच्याबरोबर पैशाचा व्यवहार करायचा नाही.

*स्वतःची संस्था.* सोसायटीला किमान 7 सदस्य लागतात, नोंदणी जिल्हा निबंधकाच्या कचेरीत. ट्रस्ट किंवा सेक्शन 8 (नफा न वाटणारी) कंपनी हे दुसरे दोन मार्ग. पुढे करसवलतीसाठी आयकराची नोंदणी जिला लोक 12ए आणि 80जी म्हणून ओळखतात (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा सीएंना विचारूनच फॉर्म भरा), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, कंपन्यांचे सामाजिक कामासाठीचे (सीएसआर) पैसे घ्यायचे तर सीएसआर-1 फॉर्म. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर 2016 च्या कायद्याखालीही नोंदणी लागते. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेसारख्या ग्रांटचा विचार हे सगळं झाल्यावर. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन, कागदांतच शक्ती जाते आणि मुलं बाजूला राहतात.

परदेशातल्या नातेवाईकांचं काय? गोव्यात प्रत्येकाचं कोण ना कोण गल्फला नाहीतर लंडन-लिस्बनला असतंच आणि ते मनापासून पैसे पाठवायला तयार असतात. पण संस्थेने परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, त्यासाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. देणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे की पोर्तुगीज किंवा ब्रिटिश, यावरही नियम बदलतो. पैसे घ्यायच्या आधी सीएंना विचारा, नंतर नाही.

पायरी 6: कंपन्यांकडे जाताना

कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. मान्य कामांच्या यादीत विशेष शिक्षणाचा उल्लेख सरळ नावाने आहे, आणि जिथे कंपनीचा कारभार आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणजे वेर्ण्याच्या वसाहतीतले औषध कारखाने, वास्कोचं गोवा शिपयार्ड, उसगावचं एमआरएफ, यांच्या आसपासच्या शाळांसाठी तुम्ही काही करत असाल तर ती गोष्ट अर्जात पहिल्या ओळीत यायला हवी. राज्याचं सीएसआर प्राधिकरणही आहे, तिथेही माहिती देऊन ठेवा.

वेळेचं गणित सांभाळा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि 2025 पासून गोव्यात सहावीपासून पुढचे बहुतेक वर्गही एप्रिलात सुरू व्हायला लागले. एप्रिलला काम सुरू करायचं तर बोलणी गणेश चतुर्थी उरकली की लगेच सुरू झाली पाहिजेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी उरलेले पैसे मिळतात, पण ते एकरकमी असतात आणि "महिन्याभरात संपवा" अशी अट असते. तेव्हा लोक प्रिंटर घेतात, किट घेतात, आणि ते कपाटात धूळ खातं.

पायरी 7: अर्ज आणि बजेट

बऱ्याच अर्जांत असं वाक्य असतं: "दिव्यांग विद्यार्थ्यांना मुख्य प्रवाहात आणून त्यांचं सर्वांगीण सक्षमीकरण करणं हा आमचा उद्देश आहे." वाचणाऱ्याने हे शंभरदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा (आकडे फक्त नमुन्यादाखल): "सत्तरीतल्या चार शाळांत पाचवी ते आठवीची 14 मुलं अशी आहेत ज्यांना वाचताना सतत अडचण येते आणि ज्यांची तपासणी अजून झालेली नाही. वर्षात सगळ्यांची तपासणी करून घेऊ, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा शाळेतच वाचनाची मदत देऊ, आणि बोर्डाच्या सवलतींना जी मुलं पात्र ठरतील त्यांचे अर्ज वेळेत भरू." हे वाचून समोरच्याला मुलं दिसतात, काम दिसतं, आणि वर्षाने काय तपासायचं तेही कळतं.

अशा प्रकल्पाचं दहा महिन्यांचं बजेट साधारण असं मांडता येईल. अर्धवेळ विशेष शिक्षकाचं मानधन महिना 12,000 म्हणजे 1,20,000. प्रवास महिना 2,000 म्हणजे 20,000. छपाई आणि साहित्य 25,000. पालकांच्या चार बैठका, प्रत्येकी 2,500, म्हणजे 10,000. दिव्यांग मेंटरचं मानधन महिना 1,500 म्हणजे 15,000. हिशेब-ऑडिट 10,000. एकूण 2,00,000. कुणी कर्णबधिर पालक किंवा सहकारी असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी वेगळा धरा.

हे बघून "मानधन फार आहे, त्यापेक्षा टॅब द्या ना मुलांना" असं कुणीतरी म्हणणारच. तिथे ठाम राहा. टॅब वाटतानाचा फोटो छान येतो हे खरं, पण वाचायला अडणाऱ्या मुलाला शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं. ते माणूस काढून टाकलं तर उरलेल्या ऐंशी हजारांचा त्या मुलांना काही उपयोग नाही. कमी पैसे मिळणार असतील तर चाराऐवजी दोन शाळा घ्या, शिक्षक काढू नका.

स्वतःच्या शिकण्यासाठीही एक ओळ मागायला लाजू नका, ब्रेलचा कोर्स, सांकेतिक भाषेचा कोर्स, जे लागेल ते. अर्ज पाठवायच्या आधी तिन्ही मेंटरना वाचायला द्या, आणि शेवटी एका पालकाला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्यांचा चेहरा कोरा होतो ते वाक्य परत लिहा.

शाळेत काम करायचं म्हणजे परवानगी लागते हे विसरू नका. मुख्याध्यापकांचं पत्र, सरकारी शाळा असेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षण खात्याची मंजुरी. याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या बरोबरीनेच हे सुरू करा. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत विषय मांडून ठराव घेतलात तर त्याचंही वजन पडतं.

पायरी 8: हो आलं तर, नाही आलं तर

नाही आलं तर दोन दिवसांनी एक सभ्य मेल टाका आणि विचारा की अर्ज कुठे कमी पडला. सगळे उत्तर देत नाहीत, जे देतात त्यांचं उत्तर मेंटरबरोबर बसून वाचा. तोच अर्ज नाव बदलून दुसरीकडे पाठवू नका, प्रत्येक देणाऱ्याला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. आणि मुलांबरोबरचं काम थांबवू नका, कारण मोठ्या अक्षरातला पेपर काढायला मंजुरीपत्र लागत नाही.

हो आलं तर पहिल्याच आठवड्यात प्रकल्पासाठी वेगळं खातं किंवा निदान वेगळं खातेपुस्तक करा. रोखीत शक्यतो काही देऊ नका, रिक्षाचं भाडं असलं तरी व्हाउचरवर सही घ्या. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण पावसाळ्यात कागदाला बुरशी येते आणि थर्मल प्रिंटची बिलं चार महिन्यांत कोरी होतात. तीन महिन्यांनी हिशेबाच्या मेंटरबरोबर बसून बजेट आणि खर्च ताडून बघा, एका ओळीतले पैसे दुसऱ्या ओळीत वापरायचे असतील तर देणाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्या.

काम ठरल्यासारखं होत नसेल, शिक्षिका सोडून गेली, दोन मुलं शाळेतच येईनाशी झाली, तर ते लगेच कळवा, वर्षअखेरच्या रिपोर्टपर्यंत झाकून ठेवू नका. देणाऱ्यांना अशा गोष्टी माहीत असतात, मुदत वाढवून देणारेही भेटतात. आणि प्रकल्प संपायच्या तीन महिने आधी प्रत्येक मुलासाठी एक पानाची नोंद तयार करा: त्याला काय जमतं, कुठली सोय लागते, कुठले कागद झालेत, कुठले राहिलेत. एक प्रत पालकांकडे, एक वर्गशिक्षकांकडे. पुढच्या वर्षी ग्रांट मिळो न मिळो, शिक्षकांची बदली होवो न होवो, नव्या वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात ते पान नव्या बाईंच्या हातात पडलं पाहिजे.